‘फ्रँकेनस्टाइन’ वाचून प्रगत इंग्रजी शब्द कसे शिकावेत

शब्दांच्या याद्या पाठ करून परीक्षेचा एखादा पेपर निघतो, पण लिहायला बसलं की तेच शब्द हाताशी येत नाहीत. यादीत अर्थ मिळतो. तो शब्द कुणाबद्दल वापरतात, कोणत्या सुरात वापरतात आणि त्याच्या मागेपुढे काय येतं, हे यादी सांगत नाही. त्यासाठी सलग गद्यच वाचावं लागतं, आणि गॉथिक, म्हणजे भय आणि गूढाची, कादंबरी या कामाला फार चांगली. भीती, पश्चात्ताप, एकाकीपणा, तिटकारा या मोजक्या भावनांभोवती ती फिरत राहते. त्यामुळे त्याच गटातले शब्द पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या प्रसंगात भेटतात आणि उजळणीचं अर्धं काम पुस्तकच करतं.

अडचण एवढीच की मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’चं इंग्रजी दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. त्यातले काही शब्द आजही ठणठणीत आहेत, काही फक्त कवितेत उरलेत आणि काहींचे अर्थ पार बदललेत. त्यामुळे दिसेल तो अवघड शब्द उचलायचा नाही. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कळणं, यातच या पद्धतीची खरी मेहनत आहे.

बारावीपर्यंतचं इंग्रजी पक्कं असलेल्या आणि इंग्रजी वर्तमानपत्र फारसं न अडखळता वाचणाऱ्या वाचकासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

## १. इतर गॉथिक सोडून ‘फ्रँकेनस्टाइन’च का

गॉथिक म्हटलं की आधी ‘ड्रॅक्युला’ आठवते. १८९७ सालची ही कादंबरी भाषेने आपल्याला जवळचीही आहे. पण लांबीला ती ‘फ्रँकेनस्टाइन’च्या दुपटीहून मोठी आहे. शिवाय तिच्यातल्या व्हॅन हेल्सिंगचं इंग्रजी लेखकाने मुद्दाम मोडकं लिहिलं आहे आणि व्हिटबीचा म्हातारा स्वेल्स अस्सल बोलीत बोलतो. नवशिका ती वाक्यरचना बरोबर समजून उचलतो. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये (१८४७) जोसेफची यॉर्कशर बोली अशीच अडवते. ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) छोटी आहे, पण तिची भाषा आणखी जुनी. ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (१७९४) इतकी लांब की बहुतेक जण मध्येच सोडतात.

मेरी शेलीच्या कादंबरीत बोलीभाषा जवळजवळ नाही. लांबी सुमारे ७५,००० शब्द, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांत व्यवस्थित होण्याजोगी. आणखी एक सोय म्हणजे कथा तीन जण सांगतात: उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन, शास्त्रज्ञ व्हिक्टर आणि त्याने घडवलेला प्राणी. विषय एकच, पण निवेदकागणिक शब्दांचा कल बदलतो. वॉल्टनकडे उत्साह आणि महत्त्वाकांक्षेचे शब्द मिळतात, व्हिक्टरकडे अपराधाचे आणि प्राण्याकडे वंचनेचे.

## २. आवृत्ती तपासून घ्या

ही कादंबरी दोन रूपांत मिळते. पहिली १८१८ ची, तीन खंडांत, लेखिकेचं नाव न घालता छापलेली. दुसरी १८३१ ची, लेखिकेने स्वतः सुधारलेली, एका खंडात. बाजारात दोन्ही मिळतात आणि प्रकरणांचे क्रमांक जुळत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. सुरुवातीच्या चार पत्रांनंतर सलग २४ प्रकरणं असतील तर १८३१ ची प्रत. खंडागणिक प्रकरण एकपासून पुन्हा सुरू होत असेल तर १८१८ ची. प्राणी डोळे उघडतो तो नोव्हेंबरच्या रात्रीचा प्रसंग १८३१ मध्ये पाचव्या प्रकरणात येतो, १८१८ मध्ये पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात. शब्द शिकायला कोणतीही चालेल, फक्त शेवटपर्यंत एकच धरा. या लेखातले क्रमांक १८३१ चे आहेत.

खरा सापळा संक्षिप्त प्रतींचा आहे. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानांत शाळकरी मुलांसाठी केलेल्या आवृत्त्या मूळ नावानेच विकल्या जातात. मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ‘अब्रिज्ड’, ‘रीटोल्ड’, ‘अडॅप्टेड’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कथा चार पत्रांनी सुरू होत नसेल तर ते पुस्तक ठेवून द्या. आपल्याला हवे ते शब्द त्यातून आधीच काढून टाकलेले असतात.

## ३. जवळ काय काय हवं

- मूळ संहिता. कॉपीराइट केव्हाच संपल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळते. छापील प्रत घेतलीत तर समासात लिहायला जागा असलेली घ्या.
- लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. शब्दापुढचे ‘फॉर्मल’, ‘लिटररी’, ‘ओल्ड-फॅशन्ड’ हे शिक्के आपल्याला अर्थाइतकेच महत्त्वाचे आहेत. नुसता अर्थ दाखवणारं ॲप इथे पुरत नाही.
- इंग्रजी–मराठी कोश. रोजच्या कामाला कोणताही चांगला आधुनिक कोश. जोडीला मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७ सालचा इंग्रजी–मराठी कोश पाहता आला तर जरूर पाहा. तो कादंबरीच्या १८३१ च्या आवृत्तीनंतर सोळाच वर्षांनी निघाला, त्यामुळे त्या काळचे अर्थ त्यात मिळतात. मराठीही जुनी आहे, पण एकेका शब्दाला दिलेले प्रतिशब्द वाचण्यासारखे आहेत.
- अंकी. फ्लॅशकार्डांचं सॉफ्टवेअर. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. वहीही चालते, फक्त उजळणीच्या तारखा स्वतः सांभाळाव्या लागतात.
- ध्वनिपुस्तक. लिब्रिव्हॉक्सवर फुकट. वाचणारे स्वयंसेवक आहेत, म्हणून एखाद्या उच्चाराची शंका आली तर डिक्शनरीतला ध्वनीच प्रमाण माना.

## ४. आधी स्वतःची पातळी मोजा

पाचव्या प्रकरणाचं पहिलं पान घ्या, साधारण ३०० शब्दांचं. कोश न उघडता वाचा आणि अजिबात न कळलेल्या शब्दांखाली रेघ ओढा. मजकूर आरामात वाचायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक मानतात. म्हणजे या पानावर सहापर्यंत रेघा. पंधरापर्यंत असतील तरी चालेल, वेग कमी राहील इतकंच. पंचवीसच्या वर गेल्या तर आत्ताच सुरू करू नका. महिना-दोन महिने विसाव्या शतकातलं सोपं गद्य वाचून परत या. इतके अडथळे असताना संदर्भावरून अर्थ लागत नाही, सगळा वेळ कोशातच जातो आणि तिसऱ्या पत्रापाशी पुस्तक बंद होतं.

## ५. वेळापत्रक

चार पत्रं आणि २४ प्रकरणं मिळून २८ भाग. आठवड्याला दोन केले की १४ आठवडे. एका भागातून जास्तीत जास्त ८ शब्द घ्यायचे, म्हणजे शेवटी २२४. हा आकडा कमी वाटेल, पण वापरता येणारे सव्वादोनशे शब्द खूप आहेत. सुरुवातीच्या उत्साहात एका प्रकरणातून चाळीस शब्द काढणाऱ्यांची उजळणी दुसऱ्याच आठवड्यात तुंबते.

पत्रं कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका. पहिल्याच वाक्यात ‘कमेन्समेंट’, ‘एंटरप्राइझ’ आणि ‘फोरबोडिंग’ हे तीन उपयोगी शब्द एकत्र भेटतात.

अकरा ते सोळा ही प्रकरणं प्राण्याच्या तोंडची. बाराव्यात तो एका झोपडीच्या फटीतून डी लेसी कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. आधी विस्तव, दूध, पाव, लाकूड अशा दिसणाऱ्या वस्तूंचे शब्द त्याला कळतात, मग माणसांची नावं. ‘चांगला’, ‘प्रिय’, ‘दुःखी’ असे शब्द ऐकू येतात, पण ते कुठे लावायचे हे त्याला बराच काळ उमगत नाही. पुढे त्याला पुस्तकं सापडतात, त्यांत मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ही असतं, आणि त्याची भाषा भारदस्त होत जाते. शब्द शिकणाऱ्या प्रत्येकाने हे बारावं प्रकरण सावकाश वाचावं. अमूर्त शब्द व्याख्येने कळत नाही, तो पुरेशा प्रसंगांत पाहावा लागतो, हे इतक्या नेमकेपणाने फार थोड्या ठिकाणी लिहिलेलं आहे.

## ६. प्रत्येक भाग दोनदा वाचा

पहिलं वाचन कोशाविना, एका बैठकीत. अडलेल्या शब्दाखाली बारीक टिंब द्या आणि पुढे जा. गोष्ट कळली पाहिजे, बस्स. सोबत ध्वनिपुस्तक लावलं तर थांबायचा मोह होत नाही.

दुसरं वाचन दुसऱ्या दिवशी, कोश घेऊन. आधी प्रत्येक टिंबाच्या शब्दाचा अंदाज समासात मराठीत लिहा, मगच कोश उघडा. अंदाज चुकला तर फारच छान, तो शब्द कायमचा लक्षात राहतो.

लांब वाक्यांत मराठी वाचक एका विशिष्ट जागी अडकतो. आपण क्रियापदाची वाट शेवटपर्यंत पाहतो. शेलीच्या वाक्यात मुख्य क्रियापद लवकर येऊन जातं आणि मागे अर्धविरामांनी जोडलेली उपवाक्यं लटकत राहतात. म्हणून अर्धविराम दिसला की पेन्सिलने उभी रेघ मारा, प्रत्येक तुकड्यातला कर्ता आणि क्रियापद शोधा आणि मग विशेषणांकडे वळा. शब्द अडलाय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा रचनाच अडलेली असते.

## ७. चाळणी: तीन ढीग

प्रत्येक टिंबाचा शब्द तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला, आजही चालणारे. एंडेव्हर, इन्फ्यूज, बेनेव्हलंट, इरेव्हकबल, रिमोर्स, श्रिव्हल्ड. शिक्का नसेल किंवा फक्त ‘फॉर्मल’ असेल तर शब्द इथे. कार्ड याच ढिगाचं करायचं.

दुसरा, ओळख पुरे. डीमन, बिगॉन, दाऊ-दी-दाय ही सर्वनामं, हाडं ठेवायच्या जागेला असलेला ‘चार्नल-हाउस’. वाचताना अर्थ कळला की काम झालं. यांची कार्डं करणं म्हणजे वेळ घालवणं.

तिसरा, अर्थ बदललेले. हा ढीग सर्वांत घातक, कारण इथले शब्द ओळखीचे वाटतात आणि टिंब पडतच नाही. दुसऱ्या पत्रात वॉल्टन आपल्या ‘वाँट’बद्दल लिहितो, ती इच्छा नव्हे, उणीव आहे: त्याला मित्र नाही. ‘नॅचरल फिलॉसफी’ म्हणजे तत्त्वज्ञान नाही, त्या काळचं भौतिक विज्ञान. व्हिक्टर तिला आपलं नशीब घडवणारी ‘जीनियस’ म्हणतो, तेव्हा अर्थ बुद्धिमान माणूस नसून अधिष्ठात्री शक्ती असा आहे. सहाव्या प्रकरणातलं ‘इंटरकोर्स’ म्हणजे लोकांमधली ऊठबस. आजच्या लेखनात या अर्थाने तो शब्द टाकलात तर फजिती ठरलेली. पाचव्या प्रकरणात ‘ॲजिटेट’ हे क्रियापद हातपाय हलण्याबद्दल आलंय, आज ते बहुतेक वेळा मनाच्या खळबळीबद्दल येतं. ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसत नाही असं वाटलं की थांबा आणि कोशातला तिसरा-चौथा अर्थ वाचा.

काही शब्द दोन ढिगांत विभागले जातात. ‘काउंटनन्स’ या पुस्तकात पानोपानी भेटतो, चेहरा किंवा चर्या या अर्थाने. तो नाम म्हणून दुसऱ्या ढिगात. पण त्याचं क्रियापद, म्हणजे एखाद्या गोष्टीला मान्यता देणं, आजच्या अग्रलेखांत जिवंत आहे आणि बहुधा नकारार्थी वाक्यात येतं. ते पहिल्या ढिगात. ‘पोर्टमँटो’ पंधराव्या प्रकरणात चामडी पेटी म्हणून येतो, आज तो दोन शब्दांच्या मिश्रणातून झालेल्या शब्दाला म्हणतात.

## ८. कार्ड कसं करायचं

उदाहरण ‘डिलिनिएट’चं घेऊ. आपण घडवलेल्या त्या अभाग्याचं वर्णन कसं करू, असं व्हिक्टर विचारतो तिथे तो येतो.

पुढच्या बाजूला पुस्तकातला वाक्याचा तुकडा, दहा-बारा शब्दांचा, रोमन लिपीत, शब्द अधोरेखित. मागे चार गोष्टी: सोप्या इंग्रजीत एक ओळ अर्थ, याच वाक्याला लागू पडणारा मराठी शब्द (इथे ‘रेखाटणे’), आजचा नेहमीचा वापर (सीमा, अधिकार, जबाबदाऱ्या स्पष्ट आखून देणे) आणि शिक्का. कोशातले पाचही अर्थ उतरवू नका. एका कार्डावर एकच अर्थ.

मुळं सारखी असलेले शब्द एकत्र ठेवले की सोपं जातं. दहाव्या प्रकरणात हिमनदीवर प्राणी व्हिक्टरला सांगतो की मी मुळात ‘बेनेव्हलंट’ होतो, हालअपेष्टांनी मला ‘फीन्ड’ केलं. ‘बेनेव्हलंट’शेजारी बेनिफॅक्टर आणि समोर मलेव्हलंट, मलिग्नंट, मॅलिस असे लिहा. दोन मुळांवर पाच-सहा शब्द उभे राहतात.

## ९. एकाच मराठी शब्दात सगळे कोंबू नका

मराठी वाचक सर्वांत जास्त इथे चुकतो, म्हणून थोडं थांबून वाचा. ड्रिअरी, ग्लूमी, मेलंकली, डिस्पॉन्डन्सी, डेसोलेट, रेचेड या सहाही शब्दांपुढे ‘उदास’ लिहिलं की कार्डं पाठ होतात आणि एकही शब्द वापरता येत नाही. इंग्रजीने जिथे फरक केलाय, तिथे बहुतेक वेळा मराठीतही फरक आहे. तो शोधायचा.

‘ड्रिअरी’ मुख्यतः हवेबद्दल, जागेबद्दल, कंटाळवाण्या कामाबद्दल. त्याला ‘भकास’ शोभतो. ‘ग्लूमी’त अंधार आहे: काळवंडलेलं, मळभ आलेलं. माणसाबद्दल आला तरी तो अंधार सोबत येतो. ‘मेलंकली’ खोल, रेंगाळणारी खिन्नता, तिला विषाद म्हणा. ‘डिस्पॉन्डन्सी’त आशा सुटलेली असते: हताशा, खचून जाणं. ‘डेसोलेट’ म्हणजे उजाड, किंवा कुणीच नसलेला माणूस. ‘रेचेड’ म्हणजे दैना झालेला, दीनवाणा, आणि कधी कधी नुसता रागाने काढलेला ‘मेला’.

भीतीचंही तेच. ‘ड्रेड’ पुढे येणाऱ्या गोष्टीची धास्ती. ‘ॲप्रिहेन्शन’ त्याहून सौम्य, काळजीच्या जवळ. ‘फोरबोडिंग’ म्हणजे अशुभाची चाहूल, मनात चुकचुकणारी पाल. ‘टेरर’ आणि ‘हॉरर’ तर गॉथिक लेखकांनीच वेगळे काढले. ‘उडोल्फो’च्या लेखिका ॲन रॅडक्लिफ यांच्या १८२६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटलंय की टेरर मनाच्या शक्तींना जागं करतो, तर हॉरर त्यांना आक्रसून गोठवतो. म्हणून अजून न दिसलेल्या गोष्टीची दहशत ती टेरर, आणि समोर पाहिल्यावर अंगावर येणारी शिसारी तो हॉरर. पाचव्या प्रकरणात व्हिक्टरचं मन ‘हॉरर’ आणि ‘डिसगस्ट’ने भरतं, कारण प्राणी समोर उभा आहे.

तिटकाऱ्याचा गट (ॲभॉर, डिटेस्ट, लोद, डिसगस्ट) स्वतः करून पाहा. किळस कुठे, घृणा कुठे आणि नैतिक चीड कुठे, हे वाक्यांवरून ठरवा. प्रत्येक गटाचं वहीत एक पान ठेवा आणि नवीन वाक्य भेटलं की त्या पानावर चढवा. पंधरावं प्रकरण येईपर्यंत ही पानं कोशापेक्षा उपयोगी झालेली असतात.

## १०. उच्चार लगेच पक्के करा

डोळ्यांनी शिकलेला शब्द चुकीच्या उच्चारासकट घट्ट बसतो. कार्ड करतानाच ऐकून घ्या. या पुस्तकातले नेहमी चुकणारे:

- ‘रेच’ आणि ‘रेचेड’मधला डब्ल्यू मूक. ‘रेचेड’मध्ये शेवटचा ‘एड’ मात्र स्पष्ट, दोन अवयवांचा शब्द.
- ‘फीन्ड’, ‘फिएंड’ नव्हे.
- ‘कॅझम’, सुरुवात ‘क’ने.
- ‘कटॅस्ट्रफी’, चार अवयव, जोर दुसऱ्यावर.
- ‘बनेव्हलंट’ आणि ‘इरेव्हकबल’, दोन्हींत जोर दुसऱ्या अवयवावर. ‘इर-रिव्होकेबल’ हे क्रियापदावरून केलेलं अनुमान आहे.
- ‘व्हीअमंट’, मधला एच जवळजवळ ऐकू येत नाही.

## ११. उजळणी आणि वापर

अंकीत रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा मुळात २० असते, ती ५ वर आणा. वही वापरत असाल तर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पाहा. उजळणीत मराठी अर्थ आठवला म्हणून कार्ड पुढे ढकलू नका. त्या शब्दाचं एक नवं वाक्य तोंडी करता आलं तरच ढकला.

आठवड्यातून एकदा १२० शब्दांचा परिच्छेद लिहा, त्यात त्या आठवड्यातले पाच शब्द. अट एक: विषय आजचा आणि साधा असावा. पाणीटंचाई, एसटीचा प्रवास, कार्यालयातला वाद, काहीही. भयकथा लिहायची नाही, कारण तिथे कोणताही भारदस्त शब्द खपून जातो आणि चूक दिसत नाही. साध्या विषयात चुकीचा शब्द लगेच खुपतो. लिहून झाल्यावर प्रत्येक शब्द डिक्शनरीतल्या उदाहरणांशी ताडा: त्याच्यापुढे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं, तो माणसाबद्दल येतो की वस्तूबद्दल.

जीआरई (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) देणाऱ्यांसाठी एक सूचना. २०११ पासून त्या परीक्षेत सुटे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या विचारत नाहीत, वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात. त्यामुळे वाक्यासकट केलेली कार्डं तिथे थेट कामाला येतात. निबंधात मात्र एका परिच्छेदात असा एखादाच शब्द ठेवा. चार ठेवले तर तपासणाऱ्याचं लक्ष मुद्द्यावरून शब्दांकडे जातं.

चौदाव्या आठवड्यानंतर पाचवं प्रकरण पुन्हा उघडा, ते पहिलं पान कोशाविना वाचा आणि रेघा मोजा. ज्या शब्दांखाली अजूनही रेघ पडते त्यांची कार्डं जुन्या वाक्यांवर ठेवू नका. ती पुसून पुस्तकातल्याच दुसऱ्या प्रसंगातल्या वाक्यावर नव्याने करा.